तिजोरीत खडखडाट असताना मानसिक आरोग्यासाठी निधी कसा मागायचा? ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, डोंबिवली, ऐरोली, वाशी या पट्ट्यात मानसिक आजारासह जगणारे शुभार्थी आणि त्यांना सांभाळणारे शुभंकर एकत्र बसले की बोलणं फिरून फिरून सरकारी ओपीडीवर येतं. गोळ्या संपल्यात. डॉक्टरांची बदली झाली. समुपदेशकाची खुर्ची रिकामी आहे. विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं: "वरून निधीच नाही." त्या उत्तरापुढे काय करायचं, याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. नोकरी, घर आणि आजारपण सांभाळून कधीतरी अर्ध्या दिवसाची रजा टाकू शकणाऱ्या माणसाला झेपेल, एवढंच यात सांगितलं आहे.

राज्यावर एवढं कर्ज आहे. पैसेच नसतील तर मागून काय उपयोग?

तंगी खरी आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्याने सुमारे ४५,८९१ कोटींची महसुली तूट दाखवली. राजकोषीय तूट १ लाख ३६ हजार कोटींच्या वर आणि कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात. हे नाकारत बसू नका, समोरच्या अधिकाऱ्याला ते तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पण त्याच अर्थसंकल्पाचा आकार ७ लाख कोटींचा होता. सरकारी भाषेत "पैसे नाहीत" म्हणजे "तुमचा नंबर मागे आहे." नंबर पुढे सरकवता येतो, याला दाखला आहे. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीत, ४ मे २०२० रोजी, वित्त विभागाने विकासखर्च ३३ टक्क्यांवर आणणारा आणि नवी भरती थांबवणारा शासन निर्णय काढला. त्या भरतीबंदीतून सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण हे विभाग वगळले होते, खर्चातही आरोग्याला प्राधान्य होतं. तिजोरी इतकी आटलेली असतानाही एक विभाग बाजूला काढता आला. मानसिक आरोग्याची पदं आणि औषधं त्या "आरोग्य"मध्ये मोजली जावीत, एवढीच आपली मागणी असते.

निधी कापला गेला हे कळतं कसं? पेपरात तर काहीच येत नाही.

येणारही नाही. "मानसिक आरोग्याला कात्री" अशी घोषणा कुठलाच मंत्री करत नाही. कपात गुपचूप होते आणि तिचे तीन-चार ठरलेले रस्ते आहेत.

पहिला रस्ता रिक्त पदांचा. मानसोपचारतज्ज्ञाचं पद मंजूर असतं, भरलेलं नसतं. कागदावर सेवा चालू, पगाराचे पैसे वाचले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातली बरीच माणसं राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी असतात. कंत्राट वेळेवर वाढवलं नाही की काही जण दुसरीकडे निघून जातात. कुणाला काढलं नाही, तरी टीम संपली.

दुसरा रस्ता औषधांचा. खरेदी लांबते, मग ओपीडीत "ही गोळी बाहेरून घ्या" सुरू होतं. रक्तदाबाची गोळी संपली तर रांगेत ओरड होते. लिथियम किंवा ओलॅन्झापिनसारखं मानसिक आजाराचं औषध संपलं तर घरचे मुकाट्याने मेडिकलमधून आणतात, कारण तिथे उभं राहून मोठ्याने बोलायची लाज वाटते. ही लाज सरकारच्या फार पथ्यावर पडते.

तिसरा रस्ता वेळेचा. अर्थसंकल्पात तरतूद असते, पण निधी वितरित होतो वर्ष संपता संपता. मार्चएंडला एवढ्या घाईत माणसं नेमता येत नाहीत, पैसे परत जातात आणि पुढच्या वर्षी वित्त विभाग विचारतो, "गेल्या वर्षीचेच खर्च झाले नाहीत, वाढवून कशाला?" हा युक्तिवाद ऐकला की चिडायला होतं, पण तो रोखायचा उपाय साधा आहे: वितरण आणि खर्च दोन्हीवर वर्षभर लक्ष ठेवायचं. राज्याच्या महाकोश संकेतस्थळावर "बीम्स" नावाची अर्थसंकल्प वितरण प्रणाली आहे. विभागनिहाय किती तरतूद झाली, किती वितरित झालं, किती खर्च पडला, हे तिथे दिसतं. सार्वजनिक आरोग्य विभागाची मागणी (अर्थसंकल्पातला त्या विभागाच्या खर्चाचा गट) "आर-१". मुख्य लेखाशीर्ष महसुली खर्चासाठी २२१० आणि भांडवली खर्चासाठी ४२१०. हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. "साहेब, २२१० खाली" अशी सुरुवात केली की टेबलापलीकडचा माणूस चष्मा नीट करून बघतो.

चौथा रस्ता दिल्लीतून येतो. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचंच बघा: केंद्राने २०२३-२४ साठी सुमारे १३४ कोटींची तरतूद केली, २०२४-२५ ला ती ९० कोटींवर आली. हेल्पलाइन बंद झाली नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे का?

आहे, आणि आपण वापरतो त्यापेक्षा बराच जास्त.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचं कलम १८ सरकारी किंवा सरकारी मदतीच्या सेवेतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतं. ओपीडी आणि भरतीची सोय तर आहेच, शिवाय निवारा, हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला तात्पुरता निवास), घरी येऊन पुनर्वसन, समाजात राहून पुनर्वसन, हे सगळं त्याच कलमात आहे. अत्यावश्यक औषधांच्या यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर सगळीकडे, सदासर्वकाळ, मोफत मिळाली पाहिजेत, हेही तिथेच लिहिलेलं आहे. आवश्यक त्या किमान सेवा तुमच्या जिल्ह्यात सरकारी व्यवस्थेत नसतील, तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसायचा, अशीही तरतूद आहे.

आपल्या कामाचं सगळ्यात मोठं हत्यार मात्र त्याच कलमाचं उपकलम ११. या सेवांसाठी सरकारने अर्थसंकल्पात तरतूद करताना चार कसोट्या पाळायच्या आहेत: पुरेसेपणा, प्राधान्य, प्रगती आणि समन्याय. कायद्याने त्यांचे अर्थही दिले आहेत. पुरेसेपणा म्हणजे महागाई भरून निघेल एवढी रक्कम. प्राधान्य म्हणजे इतर खर्चशीर्षांच्या तुलनेत या खर्चाचं स्थान. प्रगती म्हणजे सरकारच्या कामात दिसणारी सुधारणा. समन्याय म्हणजे आजाराचा माणसावर, कुटुंबावर आणि सांभाळणाऱ्यांवर पडणारा भार लक्षात घेऊन केलेली वाटणी.

याचा व्यवहारातला अर्थ नीट बघा. गेल्या वर्षी औषधांना जेवढी रक्कम होती तेवढीच यंदा ठेवली, तर वरवर पाहता कपात नाही. पण औषधं महागली असतील, तर पुरेसेपणाच्या पहिल्याच कसोटीवर ती तरतूद नापास झाली. त्यामुळे "वाढवून द्या" अशी विनवणी करण्याऐवजी "या चार कसोट्यांवर यंदाची तरतूद कशी बसते ते लेखी कळवा" असं विचारा. विनवणी नाकारणं सोपं असतं. लेखी खुलासा मागितला की फाइल हलते.

आणखी एक तारीख. कलम ३१ प्रमाणे कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत, लोकसंख्येच्या प्रमाणात मानसिक आरोग्यातल्या तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषांपर्यंत नेण्याचे प्रयत्न सरकारने करायचे आहेत. ती मुदत मे २०२८ मध्ये भरते. प्रत्येक निवेदनात हा महिना आणि हे साल घाला.

आमच्या भागात नेमकं कोण जबाबदार? सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात.

बोट दाखवतात कारण पैसा खरोखरच वेगवेगळ्या खिशांत आहे. चुकीच्या दारात वर्षभर उभे राहिलेले लोक आपल्यात पुष्कळ आहेत.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं. १९०१ साली सुरू झालेलं, १,८५० खाटांचं. राज्यात अशी चारच आहेत, बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यामुळे ठाण्यात फक्त ठाण्याचे रुग्ण नसतात. मुंबई, पालघर, रायगडचेही असतात. तिथली पदं, औषधं, जेवण, इमारत, सगळ्याचा निर्णय मुंबईत होतो.

सिव्हिल, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालय, तेही राज्याचंच. नव्या सुपरस्पेशालिटी इमारतीसाठी जुनी इमारत रिकामी केली, तेव्हा सिव्हिलचे विभाग मनोरुग्णालयाच्याच आवारात हलवले गेले. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम जिल्हा शल्यचिकित्सकांच्या हाताखाली असते. त्या कार्यक्रमाचा पैसा केंद्र ६० आणि राज्य ४० अशा वाट्याने येतो. केंद्राने या कार्यक्रमासाठी जिल्ह्यामागे वर्षाला कमाल ८३.२० लाख रुपये अशी मर्यादा जाहीर केलेली आहे. २०११ च्या जनगणनेत आजच्या ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत सुमारे ८० लाख लोक होते. म्हणजे पूर्ण पैसे आले आणि पूर्ण खर्च झाले, तरी माणशी वर्षाला एक रुपया. मनोरुग्णालयाचा खर्च यात धरलेला नाही, हे खरं. पण टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बोलायची वेळ आली तर हाच आकडा सांगा.

कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ठाणे महापालिकेचं. वाशी, ऐरोली, नेरूळची सार्वजनिक रुग्णालयं नवी मुंबई महापालिकेची. तिथल्या मानसोपचार विभागाचे डॉक्टर, समुपदेशक आणि औषधं महापालिकेच्या अंदाजपत्रकातून येतात, म्हणून आमदारांपेक्षा आयुक्त आणि स्थायी समिती गाठायची. एक फरक लक्षात असू द्या: १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत उपचारांचा जो निर्णय लागू आहे, तो राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांसाठी. महापालिकेच्या दवाखान्यात तो आपोआप लागू होत नाही.

आणि चौथा खिसा, जो बहुतेकांना माहीतच नसतो: पुनर्वसन. बरे झालेले पण घरी नेणारं कुणी नसलेले शुभार्थी हाफवे होममध्ये जायला हवेत. हा प्रश्न आरोग्य आणि समाजकल्याण या दोन खात्यांच्या मधल्या फटीत वर्षानुवर्षं पडून राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग केला आणि मानसिक आजार हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली अपंगत्व म्हणून मोजलं जातं, म्हणून आता निवेदनाची एक प्रत तिकडे गेलीच पाहिजे. मनोरुग्णालयातल्या लोकांना भिक्षेकरीगृहात किंवा वृद्धाश्रमात हलवण्याची पद्धत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्राला बजावलं होतं. पुनर्वसनाला पैसा नसला की काय होतं, ते त्यावरून कळतं.

निवेदन द्यायला चांगला महिना कोणता?

मार्च हा सगळ्यात वाईट. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो तेव्हा आकडे केव्हाच गोठलेले असतात. तेव्हा जाणं म्हणजे वरातीमागून घोडं.

विभाग पुढच्या वर्षाचे अंदाज पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आसपास बनवतात. म्हणून पहिलं निवेदन ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, रुग्णालयाच्या अधीक्षकांना आणि आरोग्य उपसंचालकांना. मागणी वर पाठवायची पेन त्यांच्या हातात असते. अनेकदा त्यांनाही बाहेरून आलेलं एक पत्र हवंच असतं, फाइलला जोडायला. त्यांच्याशी भांडायला जाऊ नका.

नोव्हेंबरपर्यंतच्या खर्चावरून "आठमाही सुधारित अंदाज" तयार होतात. पैसा न वापरलेल्या शीर्षांतून तो काढून घेण्याची हीच वेळ, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुमारास बीम्सवरचा खर्च तपासा. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन असतं, तिथे पुरवणी मागण्या (मंजूर अर्थसंकल्पावर जादा पैसे मागणारे प्रस्ताव) येतात. जिल्हा नियोजन समितीची वार्षिक योजनेची बैठक साधारण जानेवारीत होते. पालकमंत्री अध्यक्ष, जिल्हाधिकारी सदस्य-सचिव. औषधखरेदी, उपकरणं, ओपीडीची दुरुस्ती यांसाठी इथून पैसे मिळू शकतात आणि तंगीच्या वर्षात हा मार्ग मंत्रालयापेक्षा जवळचा. महापालिकांची अंदाजपत्रकं फेब्रुवारीच्या आसपास येतात. आयुक्तांकडे जायचं असेल तर दिवाळीनंतर लगेच.

जून-जुलैत पावसाळी अधिवेशन, पुन्हा पुरवणी मागण्या. मार्च हुकला म्हणून वर्ष हुकत नाही.

आमदार काय करू शकतात? निधी देतील का?

आमदार निधी बांधकाम आणि वस्तूंसाठी असतो. त्यातून समुपदेशकाचा पगार होत नाही. वेटिंग हॉलला पंखे मिळतील, फलकावर नाव येईल. नको म्हणायचं कारण नाही, पण तेवढ्यावर परत येऊ नका.

आमदाराची खरी किंमत सभागृहात. तारांकित प्रश्न विचारला की विभागाला लेखी उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना लागली तर मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं. आर-१ मागणीवर चर्चा असेल तेव्हा कपात सूचना (नाव कपातीचं असलं तरी विभागाच्या कामावर बोट ठेवण्याचं हे साधन) मांडून मनोरुग्णालयातल्या रिक्त पदांवर बोलता येतं. आमदारांच्या पीएला प्रश्न तयार करून, टाइप करून द्या. "लक्ष घाला साहेब" म्हणालात तर साहेब लक्ष घालतील, म्हणजे मान हलवतील. चार ओळींचा तयार प्रश्न हातात असेल तर तो दाखल होण्याची शक्यता कितीतरी जास्त. विरोधी पक्षाच्या आमदारांना आणि विधान परिषदेच्या सदस्यांनाही द्या.

आकडे कोणते सांगावेत?

थोडे आणि बिनचूक. समोरच्याने एक आकडा खोटा पाडला की बाकीचं सगळं ओघाने खोटं ठरतं.

निम्हान्स या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांमध्ये १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांबाहेर होते. हा आकडा बिनधास्त वापरा, पण "महाराष्ट्रात १०.६ टक्के" असं म्हणू नका. सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. "देशपातळीवरच्या सर्वेक्षणानुसार" म्हणा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात आत्महत्यांची संख्या सर्वाधिक महाराष्ट्रात आहे: २२,७४६. हा आकडा देताना सांभाळून बोला. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं नाही. कर्ज, घरातली हिंसा, नोकरी, परीक्षा, सगळं असतं. सनसनाटी करून निधी मिळत नाही, उलट घरात असं काही घडलेल्या माणसाच्या जखमेवर मीठ पडतं.

२०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचा ८ टक्क्यांहून जास्त भाग आरोग्यावर खर्च करावा, असं उद्दिष्ट होतं. एकूण आरोग्यखर्चावर बोलायची वेळ आली तर हे पुरेसं आहे.

सगळ्यात जड पुरावा मात्र तुमच्या पिशवीत असतो: केसपेपर. औषध नसेल तर फार्मसीच्या खिडकीवर शांतपणे म्हणा, "उपलब्ध नाही असं यावर लिहून द्या." नाही दिलं तर स्वतः तारीख आणि औषधाचं नाव टिपा, बाहेरून घेतल्याचं बिल जोडा. एकाच महिन्यातल्या दहा-बारा कुटुंबांच्या अशा झेरॉक्स, नावं खोडून, एकत्र लावल्या की ती तक्रार राहत नाही, टंचाईची नोंद होते. राष्ट्रीय सर्वेक्षणाकडे मान फिरवणारा अधिकारी स्वतःच्या फार्मसीच्या शिक्क्याकडे मान फिरवू शकत नाही.

माहिती अधिकारात काय विचारायचं?

अर्ज दहा रुपयांचा, उत्तर तीस दिवसांत. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पाल्हाळ नको. मानसोपचार विभागातली मंजूर, भरलेली आणि रिक्त पदं, पद रिक्त झाल्याच्या तारखेसह, एवढाच एक अर्ज. अत्यावश्यक मानसोपचार औषधांपैकी गेल्या बारा महिन्यांत कोणती किती दिवस साठ्यात नव्हती, हा दुसरा. मंजूर, वितरित आणि खर्च रक्कम हा तिसरा. "का" असा प्रश्न विचारू नका, "का" ही माहिती नाही म्हणून अर्ज परत येतो. ऑनलाइन अर्ज करता येतो. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील वीस रुपयांत.

नाव बाहेर आलं तर? मुलीचं लग्न व्हायचं आहे.

ही भीती खोटी आहे असं सांगणारा माणूस आपल्या चाळीत, सोसायटीत राहत नसावा. नाव न देताही खूप काही करता येतं. बीम्स बघणं, तक्ते करणं, निवेदन लिहून देणं, यात कुठेच सही लागत नाही. सह्या अशांच्या घ्या ज्यांना चालतं: निवृत्त शिक्षक, सोसायटीचे सेक्रेटरी, फॅमिली डॉक्टर, ज्येष्ठ नागरिक संघ. मानसिक आरोग्याची मागणी फक्त रुग्णांच्या घरच्यांनीच करावी, हा नियम कुणी केला?

शुभार्थीची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क कायद्याच्या कलम २३ मध्ये आहे, आणि संमतीशिवाय त्याचा फोटो किंवा उपचारांची माहिती माध्यमांत देता येत नाही. पत्रकार "एखादी केस दाखवा ना" म्हणून मागे लागतात. रिकाम्या खिडकीचा फोटो द्या.

शुभार्थींना सोबत न्यावं का?

त्यांना यायचं असेल तर जरूर, आणि मग बोलू त्यांनाच द्या. आपण पालक मंडळी मध्ये तोंड घालतो, "तसं नाही, त्याला म्हणायचंय की..." हे टाळा. औषध न मिळाल्यामुळे काय झालं, हे ज्याच्या बाबतीत झालं त्याने दोन वाक्यांत सांगितलं, तर आपल्या वीस मिनिटांच्या भाषणाची गरज उरत नाही. दाखवायला म्हणून मात्र कुणाला नेऊ नका.

मनोरुग्णालय तर नवीन बांधणार आहेत म्हणे. मग तक्रार कशाला?

बंगळुरूच्या निम्हान्सच्या धर्तीवर ठाण्याचं मनोरुग्णालय नव्याने उभारायचं सरकारने ठरवलं आहे. त्याच आवारातल्या जागेचा काही भाग ठाणे-मुलुंडदरम्यानच्या नव्या रेल्वे स्थानकाकडे जाणार आहे. जुन्या बराकी गेल्याच पाहिजेत, याबद्दल दुमत नाही.

पण इमारतीचा पैसा ४२१० मधून येतो आणि माणसांचा २२१० मधून. तंगीच्या काळात सरकारला भांडवली खर्च तुलनेने आवडतो: भूमिपूजन होतं, फलक लागतो, कर्ज काढूनही करता येतो. परिचारिकेचा पगार दर महिन्याला, कायमचा, आणि त्याची फीत कापता येत नाही. परिणाम आपण इतर ठिकाणी पाहतोच, चकचकीत मजले आणि कुलूप लावलेले वॉर्ड. म्हणून नव्या इमारतीचं स्वागत करतानाच विचारा: तिच्यासाठी सुधारित आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा तक्ता, मंजूर झाला का? पदनिर्मितीचा प्रस्ताव उच्चस्तरीय सचिव समितीकडे गेला का? किती मानसोपचारतज्ज्ञ, किती चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, किती मनोविकार सामाजिक कार्यकर्ते, किती परिचारिका? पदनिर्मितीला लागणारा काळ बांधकामापेक्षा कमी नसतो, त्यामुळे हा प्रश्न उद्घाटनाच्या दिवशी विचारून उपयोग नाही.

आणि दुसरं: सगळा पैसा एका मोठ्या आवारात गेला तर मुरबाड-शहापूरच्या माणसाने काय करायचं? एसटीने ठाण्याला यायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, महिन्याच्या गोळ्या घेऊन परतायचं. पैसे खरंच एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून ठरलेल्या दिवशी डॉक्टर आणि औषधं पोहोचणं आधी हवं. यावर आमच्यातही वाद आहेत, चालू द्यावेत.

लोकप्रिय योजना बंद करून इकडे पैसे द्या, असं म्हणावं का?

म्हणू नये. ओपीडीच्या रांगेतल्या कितीतरी बायकांच्या खात्यात महिन्याला येणारे पंधराशे रुपये हीच रिक्षाची आणि गोळ्यांची सोय असते. त्यांच्याविरुद्ध उभं राहून आपण काय मिळवणार? शिवाय मोठ्या योजनेशी तुलना केली की चर्चा राजकीय होते आणि आपला मुद्दा त्यात वाहून जातो. आपली मागणी त्या मानाने इतकी छोटी आहे की तिच्यासाठी दुसऱ्या कुणाचं काढून घ्यायची वेळ येत नाही. ती छोटीच दिसू द्या.

ठाण्यात चांगल्या खासगी संस्था आहेत. त्या पुरणार नाहीत का?

आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९० पासून ठाण्यात काम करते आहे, कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांना घरी पोहोचवते. अशी माणसं आहेत म्हणून बरं चाललंय. पण संस्था सरकारी ओपीडीचा पर्याय होऊ शकत नाही, आणि "तुमच्याकडे संस्था आहेतच की" हे सरकारचं कारणही होता कामा नये.

मोर्चा काढावा का?

आधी पोचपावत्या जमवा. आवक क्रमांक पडलेली तीन निवेदनं आणि त्यांना न आलेली उत्तरं हातात असतील, तर वीस माणसांचं शांत धरणंही पुरतं. त्याशिवाय काढलेला मोर्चा दुसऱ्या दिवशी विसरला जातो. १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन, याला सरकारी कार्यक्रम असतोच. तिथे मंत्री, अधिकारी एकत्र सापडतात. फुलाच्या जागी निवेदन द्या.

निवेदन लिहायचं कसं?

एक पान. एक मागणी, फार तर दोन. साधारण असं:

*प्रति, मा. अध्यक्ष, जिल्हा नियोजन समिती, ठाणे (मार्फत मा. जिल्हाधिकारी)*
*विषय: मानसोपचार औषधांच्या अखंड पुरवठ्यासाठी जिल्हा वार्षिक योजनेत तरतूद करणेबाबत*
*महोदय, जिल्ह्यातील शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात सोबतच्या तक्त्यात नमूद औषधे त्यांच्यापुढे दिलेल्या कालावधीत उपलब्ध नव्हती. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम १८ अन्वये ही औषधे सर्व काळ मोफत उपलब्ध असणे बंधनकारक आहे. नियमित पुरवठा सुरळीत होईपर्यंत स्थानिक खरेदीसाठी आवश्यक रक्कम आगामी वार्षिक योजनेत राखून ठेवावी, तसेच कलम १८(११) मधील चार कसोट्यांनुसार चालू वर्षाच्या तरतुदीची माहिती लेखी द्यावी, ही विनंती.*

खाली प्रती कुणाकुणाला ते लिहा: जिल्हा शल्यचिकित्सक, आरोग्य उपसंचालक, स्थानिक आमदार. मानसिक आरोग्याचं महत्त्व सांगणारा परिच्छेद घालू नका. तो वाचला जात नाही.

आम्ही खारघरला राहतो. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगड जिल्ह्यात येतात आणि महापालिका पनवेलची. तुमची जिल्हा नियोजन समिती अलिबागला. फक्त मनोरुग्णालय ठाण्याचंच. पत्ते तेवढे बदला.

सगळं करून दाद मिळाली नाही तर?

कायद्याच्या कलम २८ प्रमाणे सेवेतल्या त्रुटीची तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रमुखांकडे, मग मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि तिथेही समाधान झालं नाही तर राज्य प्राधिकरणाकडे करता येते. मोफत वकील मिळण्याचा हक्क कलम २७ मध्ये आहे. त्यासाठी ठाणे न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा.

शेवटी उच्च न्यायालय. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं अडकलेल्या लोकांबद्दल आणि या कायद्याखालच्या यंत्रणेबद्दल राज्य सरकारकडे हिशेब मागितला होता. पण न्यायालयात पहिला प्रश्न असतो, "सरकारकडे आधी काय मागितलं होतं आणि कधी?" त्या वेळी लागणारी फाइल आजपासूनच लावायला घ्या: निवेदनांच्या प्रती, पोचपावत्या, माहिती अधिकाराची उत्तरं, केसपेपरच्या झेरॉक्स. तारखेप्रमाणे, जुनं खाली, नवं वर. आणि एक पूर्ण संच गटातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरी असू द्या.